'काढा' दाबू नका

सुलभा, तुझ्यावर शोकसंदेश आलाय आणि त्यात तुझं नाव चुकलंय. 'सुलभ जी हे एक उत्कट दस्तऐवजीकरण योगदानकर्ता होते', असं लिहिलंय. होते! तुझं दहावं व्हायच्या आत त्यांनी तुला पुरुष करून टाकलं. खाली मेणबत्तीचं चित्र, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, आणि एकाने तर घाईत अंगठा वर करून ठेवलाय.

तू असतीस तर आधी खदाखदा हसली असतीस आणि मग लॅपटॉप उघडून स्वतःचाच शोकसंदेश दुरुस्त करायला बसली असतीस. मला हसू आलं नाही. मला शिसारी आली. ज्यांनी तुझं एक वाक्य पानावर टिकू दिलं नाही ती माणसं आता तुझ्यावर वाक्यांवर वाक्यं लिहितायत, आणि तीसुद्धा यंत्राकडून भाषांतर करून घेऊन. रडायचं तर निदान स्वतः रडावं.

तुला सगळं ठाऊकच आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे. तुला मध्ये तोंड घालता येणार नाही, एवढाच काय तो या प्रसंगाचा फायदा.

आपण डहाणूच्या एकाच शाळेत. तू कॉम्प्युटर शिकवायचीस म्हणून पोरांची 'मॅडम', मी मराठी शिकवते म्हणून 'बाई'. दोन हजार चौदा साली तलासरीच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि मुंबईच्या कोणा हौशी मुलाने त्यावर ग्रंथालयासाठीचं एक मुक्त सॉफ्टवेअर बसवून दिलं. मुक्त म्हणजे ज्याला हवं त्याने फुकट वापरावं आणि ज्याला जमेल त्याने सुधारावं. जगभरातली माणसं मिळून ते चालवतात, मालक कोणी नाही. तू मला हे समजावलंस तेव्हा मी म्हटलं होतं, "म्हणजे गावच्या विहिरीसारखं. पाणी सगळे भरणार. गाळ कोण काढणार?"

"तोच तर प्रश्न आहे, नंदे," तू म्हणालीस. तेव्हा मला कुठे माहीत होतं की त्याचं उत्तर तू स्वतःच देऊन बसणार आहेस.

वाचनालय सांभाळायच्या कमलताई. कॉम्प्युटरचं काहीही अडलं की तलासरीपासून डहाणूपर्यंत सगळे तुलाच फोन करत, तसा त्यांनीही केला. "मॅडम, पुस्तकं पळाली." शाळा सुटल्यावर एसटीने आपण दोघी गेलो. मी नुसती सोबत म्हणून. कपाटात पुस्तकं जागच्या जागी होती, पण कॉम्प्युटरात त्यांचा पत्ता नव्हता. गंमत म्हणजे सगळी नव्हती गेलेली. ज्यांना कोणी हात लावत नाही असे जाडजूड ग्रंथ कॉम्प्युटरात ठणठणीत बसले होते आणि लोक मागून मागून नेतात ती पुस्तकं एकेक करून नाहीशी झाली होती. तुला आधी व्हायरसचा संशय आला. मग तू म्हणालीस, "ताई, मला एक पुस्तक द्या बघू. नेहमी देता तसंच."

कमलताईंनी पुस्तक शोधलं, पडद्यावर नाव आलं, आणि नावाशेजारी एक बटण होतं. 'काढा'. ताईंनी ते दाबलं.

"ताई! हे का दाबलंत?"

"आता गं बाय! वाचक येतो, बोलतो, पुस्तक काढायचंय. मशीनवर पण तेच लिवलंय, काढा. मग मी काढते."

"पण ते परत विचारतं ना, खरंच काढायचं का म्हणून?"

"विचारतं ना. मी बोलते, होय. वाचक समोर उभा आहे, नाय कसं बोलू?"

डिलीटचं मराठी कोणीतरी 'काढा' करून ठेवलं होतं. ज्याने केलं त्याने आयुष्यात कधी वाचनालयातून पुस्तक काढलं नसावं. आणि वाचकाला पुस्तक द्यायचं बटण होतं वरच्या कोपऱ्यात, त्यावर लिहिलं होतं 'निर्गमित करा'. निर्गमित! तलासरीत सोड, मी मराठीची बाई असून मला ते बटण दाबायचा धीर झाला नसता. वाटलं असतं आपणच कुठेतरी निर्गमित होऊ.

परतीची बस हायवे सोडून डहाणूच्या रस्त्याला लागेपर्यंत तू हसत होतीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसून म्हणालीस, "कमलताई चुकल्याच नाहीत गं." मी मान हलवली. मला वाटलं विषय संपला. तुझा तिथून सुरू झाला होता.

तू प्रकल्पाला लिहिलंस की हा एक शब्द बदला. 'काढा'च्या जागी 'पुसून टाका' करा, 'निर्गमित करा'च्या जागी 'वाचकाला द्या' करा. त्यांचं अतिशय सभ्य उत्तर आलं. शब्द शब्दसूची समितीने ठरवलेले आहेत, बदलता येणार नाहीत, परंतु वापरकर्त्यांसाठीच्या माहितीत आपण टीप घालू शकता. मराठीत अशी माहिती तेव्हा कोणी लिहिलीच नव्हती. म्हणून तू ती सगळी लिहिलीस. एक टीप ठेवायला जागा हवी म्हणून अख्खं घर बांधलंस. 'दस्तऐवजीकरण' हा शब्द तुला नको होता, "दस्तऐवज म्हटलं की मला तहसील कचेरीचा वास येतो," म्हणायचीस. तू त्याला नाव दिलंस मदतपानं. आणि पहिल्या पानाची पहिली ओळ होती: 'वाचकाला पुस्तक द्यायचं असेल तर "काढा" दाबू नका.'

मला त्यात ओढलंस ते शुद्धलेखनाच्या नावाखाली, आणि सहसंपादक म्हणून माझंही खातं उघडून दिलंस. रविवारी मी चिखल्याला तुमच्या वाडीत यायची. किशोरभाऊजी चिकू उतरवण्याच्या गडबडीत, आणि आपण ओट्यावर लॅपटॉप मांडून भांडत बसलेल्या. मी 'क्लिक करा' खोडून 'टिचकी मारा' लिहिलं की तू चिडायचीस.

"टिचकी कॅरमच्या सोंगटीला मारतात."

"आणि क्लिक मराठी आहे वाटतं?"

"डहाणू रोडचा रिक्षावाला म्हणतो ना क्लिक? मग आहे मराठी."

"रिक्षावाला गुटख्यालाही मराठी म्हणेल."

भाऊजी एकदा टोपली घेऊन जाता जाता म्हणाले, "नुसतं 'दाबा' लिहा की. लोक दाबतातच शेवटी." आपण दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. तेच ठेवलं. त्याचं श्रेय ते तेव्हापासून घेत आलेत, तेराव्यालाही पाहुण्यांना सांगत होते, 'दाबा' माझं आहे म्हणून. सांगता सांगता त्यांचा आवाज फुटला.

तुझी तपासायची रीत मला पहिल्यांदा वेडेपणाच वाटली होती. पान लिहून झालं की तू ते छापून तलासरीला न्यायचीस, कमलताईंच्या हातात द्यायचीस आणि त्यांच्या शेजारी स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचीस. बोट दाखवायचा मोह होऊ नये म्हणून. ताई वाचायच्या, दाबायच्या, अडायच्या, तुझ्याकडे बघायच्या. तू ओठ मिटून छताकडे. जिथे त्या थांबतील तिथे चूक पानाची, असा तुझा कायदा. मग बसमध्ये ते वाक्य तू पुन्हा लिहायचीस. कमलताई म्हणायच्या, "मॅडम माझी परीक्षा घेते आणि नापास स्वतः होते."

उंबरगावकडच्या कोणा ग्रंथपालाचा फोन आलेला आठवतो? गुजराती माणूस, मराठी पुस्तकांसाठी मराठी पडदा वापरत होता. "बेन, आ काढा एटले पीवानो?" म्हणाला, म्हणजे हा काढा प्यायचा का. तू इतकी हसलीस की फोन माझ्याकडे दिलास. मग त्याच्यासाठीही एक ओळ वाढवलीस.

लोकांना वाटतं लिहिलं की झालं. सांभाळणं कोणाला दिसत नाही. दर काही महिन्यांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येणार, डावीकडचं बटण उजवीकडे जाणार, आणि काल खरं असलेलं पान आज खोटं बोलायला लागणार. मग तू पुन्हा पहिल्या पानापासून. चित्रं नवी काढायची, आकडे बदलायचे, वाक्यं फिरवायची. याला ना हार ना तुरे. नवं बटण करणाऱ्याचं कौतुक व्हायचं, ते बटण कुठे आहे हे सांगणारी कोण?

मी तुला म्हणायचे, सोड हे. लष्कराच्या भाकऱ्या भाजतेयस. तू म्हणायचीस, "बरं. मग कमलताई फोन कोणाला करणार?" मी म्हणायचे, करतील कोणालाही. तू म्हणायचीस, "कोणालाही म्हणजे कोणाला, नाव सांग." हे भांडण आपण कितीदा केलं. दर वेळी चहा आला आणि ते तिथेच राहिलं. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. हे तुझ्या तोंडावर सांगायला तू नाहीस, याचा मला राग येतो.

मग प्रकल्पाला नवा समन्वयक आला. पुण्याचा, फार गोड बोलणारा. प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'खरंच खूप छान' म्हणणारा. त्याने ठरवलं की सगळ्या भाषांतली मदतपानं मूळ इंग्रजीबरहुकूम असली पाहिजेत. एका फटक्यात तुझी पानं गेली आणि त्यांच्या जागी यंत्राने केलेलं भाषांतर आलं. तुझी पहिली ओळ गेली, कारण ती मूळ इंग्रजीत नव्हती. कशी असेल? इंग्रजीत कोणी पुस्तक काढायला येत नाही! तू हे त्याला मुद्देसूद लिहिलंस, चित्रांसकट. उत्तर आलं, 'खरंच खूप छान निरीक्षण. नोंद घेतली आहे.'

त्यांच्या मुंबईच्या संमेलनाला तू हौसेने गेलीस. हिरवी पैठणी नेसून. मी म्हटलं, सॉफ्टवेअरवाल्यांत पैठणी? तर म्हणालीस, दिसली पाहिजे ना मी. तुला बोलायला उभं केलं, तू 'काढा'ची गोष्ट सुरू केलीस, सभागृह हसलं, आणि हसू ओसरायच्या आत समन्वयकाने पुष्पगुच्छ देऊन तुला खाली बसवलं. जेवायची वेळ झाली होती म्हणे. कमलताईंवर हसून सगळे जेवायला गेले. येताना तुला एक टी-शर्ट मिळाला, त्यावर लिहिलेलं, 'मी योगदान देतो'. तू त्याने चिकूचे क्रेट पुसलेस. चांगलं पाणी टिपतो, म्हणालीस. पण त्या रविवारी तू एकही पान उघडलं नाहीस. नुसती झोपाळ्यावर बसून होतीस. भाऊजींनी दोनदा चहा केला.

पुढच्या रविवारी तू ती ओळ परत घातलीस. त्यांनी काढली. तू घातलीस. प्रत्येक आवृत्तीला हेच. तू चिडून उत्तरं लिहायचं सोडून दिलंस, नुसती ओळ घालत राहिलीस, देवापुढे रोज दिवा लावावा तसं.

भूकंपाचे ते धक्के सुरू झाले त्या हिवाळ्यात तलासरीला लोक घराबाहेर झोपत होते. एकदा भर दुपारी वाचनालयाची भिंत हलली, कपाटातली पुस्तकं धाडधाड खाली आली. कमलताई रस्त्यावर पळत आल्या आणि तिथूनच त्यांनी तुला फोन केला. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडत होत्या, "मॅडम, सगळं हललं! पण मी काढा नाय दाबलं!" तू फोन छातीशी धरून बसलीस. मी त्या वेळी तुझी थट्टा केली. तुझा चेहरा मात्र तसा कधी बघितला नव्हता, ना आधी ना नंतर.

तुला वापीच्या हॉस्पिटलात नेता नेता तू गेलीस. त्यावर मला काही लिहायचं नाही. आदल्या दिवशी शाळेच्या जिन्यात तू म्हणाली होतीस, "नवी आवृत्ती येतेय, पान बघून ठेव." मी म्हटलं, "बघते गं, मागे लागू नकोस." आपलं शेवटचं बोलणं हे. लोकांचं शेवटचं बोलणं काहीतरी बरं असतं.

आणि आता यांचं ऐक. पडद्यावरून शोकसभा घेतली त्यांनी. मलाही बोलावलं, तुझी सहसंपादक म्हणून. समन्वयक म्हणाला, "सुलभाजींनी आपल्या प्रकल्पाचं नाव काढलं." निदान इथे नाव बरोबर घेतलं, आणि वाक्यही मराठी होतं, म्हणून मला वाटलं याला आता तरी कळेल की आपण काय बोललो. नाही कळलं. मग त्याने तुझ्या नावाने पुरस्कार जाहीर केला, उत्कृष्ट दस्तऐवजीकरणासाठी. मी माईक चालू करून म्हटलं, "पुरस्कार नको. एक शब्द बदला." सगळ्यांनी माना डोलावल्या. तो म्हणाला, "खरंच खूप छान भावना." मी माईक बंद केला. मेलेल्या बाईला पुरस्कार करून टाकलं की तिचं ऐकावं लागत नाही.

आठवडा गेला नाही तोच त्याचा मेल. सुरक्षिततेच्या दृष्टीने निष्क्रिय खाती बंद करायची आहेत, मराठी विभागाचे अधिकार आता केवळ आपल्याकडे असल्याने सुलभाजींचं खातं आपण काढावं. खाली, नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्याची आनंदवार्ता. मी पान बघितलं. तुझी ओळ नव्हती.

मी ठरवलं, बस झालं. आधी तुझं नाव काढायचं, मग माझं, आणि या गोड माणसांशी संबंध संपवायचा. मला मुलांच्या वह्या आहेत, घर आहे. पण कमलताईंना न सांगता हे करणं मला जमेना, म्हणून काल तलासरीला गेले. तुझ्या नेहमीच्याच बसने. म्हटलं, सांगून टाकू की यापुढे पानं बघायला कोणी नाही.

सांगितलं. कमलताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मॅडम गेली म्हणून पुस्तकं द्यायची थांबतात का बाई? ते तिकडे जव्हारकडच्या वाचनालयाची बाई मला फोन करते आता. तिची पुस्तकं पळाली." त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं, शेजारणीकडची बातमी सांगावी तसं. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसले, प्रकल्पाच्या साइटवर खात्यांचं पान उघडलं, तुझं नाव शोधलं. नावाशेजारी बटण होतंच. त्याच समितीचं, त्याच शब्दाचं. दाबलं. पडद्यावर चौकट आली: 'सुलभा. खरंच काढायचं?' खाली 'काढा' आणि 'नाही'.

कमलताई शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मी बाण त्या बटणावर नेला आणि थांबले. जिथे माणूस थांबतो तिथे चूक पानाची, हा तुझा कायदा मला आठवला आणि तुझा भयंकर राग आला. मी वळून बघितलं, तर कमलताईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. तुझं बघून बघून शिकल्या असतील. पण तुझ्यासारखं गप्प बसणं त्यांना जमलं नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "काढा नाय दाबायचं. मॅडमनी लिवलंय ना."

कुठे लिहिलंय, मी म्हणणार होते. पुसलंय त्यांनी ते. पण ज्या पानावरून ते कोणाला पुसता येणार नाही ते पान माझ्या शेजारी स्टुलावर बसलं होतं.

मी 'नाही' दाबलं. मग पहिलं मदतपान उघडलं आणि तुझी ओळ परत घातली. ते काढतील. मी घालीन. आपल्या त्या भांडणात तू विचारायचीस ना, कमलताई फोन कोणाला करणार, नाव सांग. जव्हारच्या बाईंना मी माझा नंबर दिलाय.